पेन्शन काटकसरीतून येत नाही: खान्देशातले काही पक्के गैरसमज

"आम्ही पोटाला चिमटा घेऊन साठवलं, ही पोरं सगळं मोबाइलवर उडवतात." धुळ्या-जळगावकडे लग्नाच्या पंगतीत हे वाक्य हमखास कानावर पडतं. काटकसर खोटी नव्हती. पण निवृत्त गुरुजींच्या खात्यावर दर महिन्याला जमा होणारी पेन्शन त्या काटकसरीतून आलेली नाही. जुन्या योजनेत पेन्शनसाठी पगारातून रुपयाही कापला जात नव्हता. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम आणि वर वाढता महागाई भत्ता, हे सगळं सरकारी तिजोरीतून मिळतं. कपात व्हायची ती भविष्य निर्वाह निधीची, आणि तो पैसा निवृत्तीला वेगळा हातात पडायचा.

खरी रेघ वयाची नाहीच, तारखेची आहे: १ नोव्हेंबर २००५. एकाच जिल्हा परिषद शाळेत शेजारी बसून डबा खाणारे दोन शिक्षक घ्या. एकाची नेमणूक ऑक्टोबर २००५ ची, दुसऱ्याची त्याच वर्षीच्या डिसेंबरमधली. पहिल्याला जुनी पेन्शन. दुसऱ्याच्या पगारातून १० टक्के कपात, त्यात सरकारचे १४ टक्के, आणि पुढे काय हाती लागेल ते बाजार ठरवणार. दुसरा वयाने मोठा असला तरी हिशेब बदलत नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत संपावर गेले ते यामुळेच. २०२४ मध्ये राज्य सरकारने ५० टक्के निवृत्तिवेतनाची हमी देणारी सुधारित योजना आणली.

शिवाय जुन्या पिढीत सगळेच गुरुजी नव्हते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवं साल ठरवणाऱ्या सालदाराने आयुष्यभर दुसऱ्याची केळी आणि कापूस सांभाळला. त्याला ना पीएफ, ना ग्रॅच्युइटी. पासष्टी ओलांडली आणि उत्पन्नाचा दाखला मिळाला, तर श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये. 'जुनी पिढी सुरक्षित' म्हणताना हा माणूस पंगतीत कुणाला आठवत नाही.

दुसरा गैरसमज शेअरचा. हे नव्या पोरांचं खूळ, जुन्यांना ठाऊक फक्त सोनं आणि एफडी, असं मानलं जातं. त्याला उत्तर जळगाव जिल्ह्यातच आहे. डिसेंबर १९४५ मध्ये अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी स्थापन झाली. मोहम्मद हाशम प्रेमजींनी काढलेल्या या कंपनीचे शेअर गावातल्या शेतकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनीही घेतले. १९६६ मध्ये वडील गेल्यावर अझीम प्रेमजी परदेशातलं शिक्षण अर्ध्यावर टाकून परतले, कंपनी पुढे संगणकात उतरली आणि तिचं नाव झालं विप्रो. बोनस आणि विभाजनातून एकेका शेअरचे कितीतरी शेअर होत गेले. लग्नकार्यात किंवा घर बांधताना ज्यांनी ते मोडले नाहीत, ती घरं कोट्यधीश झाली. मात्र यावरून 'शेअर घ्या आणि विसरा' असा धडा काढणं धोक्याचं. जळगावची खान्देश मिलही एके काळी भरभराटीची होती; आज तिच्या जागेवर खान्देश सेंट्रल मॉल आहे.

जळगाव म्हणजे सुवर्णनगरी, त्यामुळे सोन्याविषयी वाकडं बोलणं इथे जरा अवघडच. भावाने साथ दिली हे खरंच: २००० च्या सुमारास साडेचार हजारांच्या आत असलेले दहा ग्रॅम एप्रिल २०२५ मध्ये लाखावर गेले. पण सोनं दर महिन्याला औषधाचं बिल भरत नाही. त्यासाठी ते मोडावं लागतं, घडणावळ बुडते, आणि सासूची पोत मोडायला घरात कुणी तयार नसतं.

'पतसंस्था म्हणजे बँकच की' हा समज सर्वांत महागात पडला. जास्त व्याजापायी अनेकांनी निवृत्तीची रक्कम पतसंस्थांत ठेवली. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेच्या संचालकांना २०१५ मध्ये अटक झाली, संस्थेवर अवसायक नेमावा लागला, आणि ठेवीदार मुदत संपलेल्या पावत्या घेऊन हेलपाटे घालत राहिले. फेब्रुवारी २०२० पासून बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो लागू नाही.

तरुण अजिबात साठवत नाहीत, हेही पूर्ण खरं नाही. एमआयडीसीत लागलेल्या पोराचा पीएफ पहिल्या पगारापासून कापला जातो. चूक होते ती पुढे: 'पीएफ कापतात म्हणजे पेन्शन पक्की' असं तो धरून चालतो. पेन्शनचा हिशेब आज १५,००० रुपये पगाराच्या मर्यादेवर होतो, त्यामुळे ३५ वर्षं नोकरी करूनही महिना आठ हजारांच्या आतच रक्कम बसते. जळगावच्या फुले मार्केटमधल्या दुकानात कामाला असलेल्याला तेवढंही नाही. त्याच्यासाठी अटल पेन्शन आहे: साठीनंतर महिना ५,००० हवे असतील तर अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला महिना २१० रुपये पडतात, चाळिसाव्या वर्षी १,४५४.

जळगाव सोडून चाकणला, तिथून आणखी कुठे, असं करताना बरेच जण प्रत्येक वेळी पीएफ आणि पेन्शनचा हिस्सा काढून मोकळे होतात. पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते, आणि काढलेल्या पैशांबरोबर ती वर्षंही हिशेबातून जातात. पीएफचा यूएएन क्रमांक तोच ठेवून खातं नव्या कंपनीकडे वळवलं, तर ती जोडली जातात. त्याचा अर्ज ऑनलाइन भरता येतो.