टाहोकाठी घर घेण्याआधी

अमेरिकेतलं लेक टाहो कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. जवळपास 500 मीटर खोल असलेलं पाणी वरखाली मिसळत राहतं. काठावरचं जगणं मात्र बर्फाच्या तंत्रानेच चालतं.

पॅसिफिकवरून येणारे बाष्पाचे लोट सिएरा नेवाडाचा चढ चढताना थंडावतात आणि बर्फ कोसळतो. जवळच्या डॉनर खिंडीतल्या प्रयोगशाळेत 2022-23च्या हंगामात सुमारे 19 मीटर हिमवृष्टी नोंदली गेली. छपरांवर प्रचंड भार, बंद पडलेला महामार्ग, नळांत गोठलेलं पाणी! 1952च्या जानेवारीत तर याच खिंडीजवळ एक प्रवासी रेल्वेगाडी तीन दिवस बर्फात अडकली होती.

तेव्हा उन्हाळ्यातलं निळं पाणी पाहून घराचा सौदा करू नये. आधी एखादा जानेवारी तिथे भाड्याने राहून पाहावा, चाकांना साखळ्या बांधायला शिकावं. दारापुढचा बर्फ कोण हटवणार, हेही सही करण्यापूर्वी विचारावं.