माऊस टाकून देण्याआधी दोष नेमका कुठे, हे तपासा

लखनौ : पडद्यावरील बाण अचानक उड्या मारू लागला, की दोष माऊसचाच मानला जातो. लखनौच्या नाझा मार्केटसारख्या संगणक बाजारात नवा माऊस सहज मिळतो. मात्र ऑनलाइन अर्जाच्या अखेरच्या दिवशी भलत्याच पर्यायावर झालेली क्लिक महागात पडू शकते. अशा वेळी काही मिनिटांची क्रमवार तपासणी उपयोगी ठरते.

ऑप्टिकल माऊस खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला शेकडो ते हजारो चित्रे टिपतो आणि त्यांच्या तुलनेतून हालचाल ठरवतो. काचेवर किंवा चकाकत्या टेबलावर त्याला पुरेशा खुणा सापडत नाहीत. म्हणून प्रथम माऊसखाली साधा कागद ठेवून पाहावा. नंतर माऊसची वायर काढून किंवा तो बंद करून तळाच्या भिंगावरील धूळ व केस कोरड्या मऊ कापडाने पुसावेत.

वायरलेस माऊसची बॅटरी बदलून पाहावी. यूएसबी ३.० पोर्टला जोडलेल्या उपकरणांमुळे २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींमध्ये व्यत्यय येऊ शकतो. त्यामुळे रिसीव्हर अशा पोर्टपासून दूर लावावा.

निर्णायक कसोटी म्हणजे तोच माऊस दुसऱ्या संगणकाला जोडणे. तेथे तो नीट चालल्यास दोष पहिल्या संगणकाच्या पोर्टमध्ये, ड्रायव्हरमध्ये किंवा सेटिंगमध्ये शोधावा. दोन्हीकडे एका क्लिकच्या दोन होत असल्यास आतील स्विच झिजला असण्याची शक्यता अधिक. तो बदलता येतो. निकामी माऊस मात्र घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनाकडे द्यावा.