रडार डिटेक्टर घ्यावा का? चलान वाचवण्याचा खरा हिशेब



आजचा प्रश्न आपल्याच भागातल्या एका मुलाने विचारला. त्याचा भाऊ न्यू जर्सीत असतो, दिवाळीला इकडे येणार आहे. येताना त्याच्याकडून रडार डिटेक्टर मागवावा का? म्हैसूरला जाताना, किंवा बेळगाव-कोल्हापूरला गावी जाताना वेगाचं चलान लागू नये एवढीच त्याची इच्छा. प्रश्न सरळ आहे. उत्तर आधी देतो: घेऊ नका. पण नुसतं 'नको' म्हणून कोणाचं समाधान होत नाही, म्हणून कारणं एकेक करून पाहू.

हे यंत्र करतं काय?

आधी रडार गन समजून घेऊ. पोलिसांच्या हातातली गन रेडिओ लहरी सोडते. त्या गाडीवर आपटून परत येतात. गाडी जवळ येत असेल, तर परत येणाऱ्या लहरींची वारंवारता थोडी वाढलेली असते. रेल्वे स्टेशनवर गाडी शिट्टी वाजवत जवळ येते तेव्हा आवाज चढा लागतो आणि पुढे गेली की उतरतो, तेच तत्त्व. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. गन २४.१५ गिगाहर्ट्झवर चालत असेल आणि गाडी ताशी १०० किलोमीटरने येत असेल, तर फरक पडतो साधारण साडेचार हजार हर्ट्झचा. गन तो मोजते आणि पडद्यावर वेग दाखवते.

रडार डिटेक्टर म्हणजे या लहरी ऐकणारा रेडिओ. तो स्वतः काही सोडत नाही, फक्त ऐकतो. गंमत अशी, की गनला लहर जाऊन परत यायला हवी. डिटेक्टरला मात्र ती एकदा पोचली की पुरे. शिवाय रडारचा झोत पसरट असतो. बारा अंशांचा झोत तीनशे मीटरवर साठ मीटरहून जास्त रुंद होतो, म्हणजे पूर्ण हायवे व्यापून बाजूच्या शेतातही जातो. त्यामुळे पुढच्या कुठल्या तरी गाडीवर गन रोखलेली असली, तरी मागे बऱ्याच अंतरावर तुमचा डिटेक्टर वाजू शकतो. अमेरिकेत हे यंत्र लोकप्रिय झालं ते यामुळेच. तिथे १९७४ साली देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली आणि लांब पल्ल्याचे चालक असल्या यंत्रांकडे वळले.

म्हणजे यंत्र खोटं नाही. रडारसमोर ते काम करतं. पण आपल्या रस्त्यावर तुमच्यासमोर रडार किती वेळा असतं?

आपल्याकडे कोण पकडतं?

पहिला प्रकार, लेझर गन. हायवेवर कडेला उभ्या असलेल्या इंटरसेप्टर गाडीत बहुतेकदा हीच असते. ही रेडिओ लहर सोडत नाही, अदृश्य प्रकाशाचे ठोके सोडते. झोत इतका बारीक, की तीनशे मीटरवर त्याचा ठिपका साधारण एक मीटरचा. तो तुमच्या नंबरप्लेटच्या आसपास रोखलेला असतो. शेजारच्या लेनमधल्या गाडीला त्याचा पत्ताही लागत नाही. वेग मोजायला अर्धा सेकंदही लागत नाही. महागड्या डिटेक्टरमध्ये लेझर ओळखायची सोय असते, ती वाजतेही. पण ती वाजली याचा अर्थ झोत तुमच्या गाडीवर पडलाय आणि वेग मोजून झालाय. म्हणजे ती सूचना नसते, तुम्ही सापडल्याची पोच असते.

दुसरा प्रकार, नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे. बेंगळुरूमध्ये डिसेंबर २०२२ मध्ये पन्नास चौकांत अशी यंत्रणा सुरू झाली. सिग्नल तोडणं, हेल्मेट नसणं, वेग, सगळं ती टिपते. यातले बरेच कॅमेरे चित्रातूनच हिशेब करतात: गाडी या रेषेपासून त्या रेषेपर्यंत किती वेळात गेली. लहर नाही, ठोका नाही. डिटेक्टरने ऐकायचं काय?

तिसरा प्रकार, सरासरी वेग. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर जुलै २०२४ पासून जी वाहतूक यंत्रणा चालू झाली, तिच्यात ही सोय आहे. एका कमानीखालून तुम्ही गेलात ती वेळ नोंदली जाते, पुढच्या कमानीखालची वेळही नोंदली जाते. मधलं अंतर ठरलेलं असतं. भागाकार शाळेतला. कॅमेरा दिसला की ब्रेक आणि गेला की पुन्हा पाय खाली, ही आपली आवडती युक्ती इथे चालत नाही. दहा किलोमीटरचं अंतर सहा मिनिटांच्या आत कापलंत, की तुम्ही शंभरच्या वर होतात. त्यावर वाद घालायला जागा नाही.

आता या तिघांची बेरीज करा. चाळीस हजारांचं यंत्र यांच्यापुढे बहुतेक वेळ गप्प बसणार.

आणि नको तिथे ओरडणार

गप्प बसणं परवडलं, पण हे यंत्र भलत्या ठिकाणी बोंब मारतं. मॉलचे आपोआप उघडणारे दरवाजे २४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. अनेक गाड्यांमधला, मागून येणारी गाडी ओळखणारा सेन्सरही त्याच पट्ट्यात असतो. आमच्या आउटर रिंग रोडवर इब्लूरपासून पुढे निघालात, तर एका बाजूला मॉल, दुसऱ्या बाजूला टेक पार्क, आणि भोवती सेन्सरवाल्या गाड्यांचा महापूर. यंत्र कोकलत राहणार आणि चौथ्या दिवशी तुम्हीच त्याचा आवाज बंद करणार.

तसंही रिंग रोडवर वेगाचं चलान लागणं हा सन्मानच म्हणायचा! टॉमटॉम कंपनीच्या २०२३ च्या पाहणीत बेंगळुरूमध्ये दहा किलोमीटरला सरासरी २८ मिनिटं १० सेकंद लागत होती, पुण्यात २७ मिनिटं ५० सेकंद. म्हणजे ताशी एकवीस-बावीस किलोमीटर. पुणेकरांनी हसू नये, आपण दोघं एकाच नावेत आहोत.

पैशांचा हिशेब

चांगल्या डिटेक्टरला अमेरिकेत चारशे ते सहाशे डॉलर पडतात. आपल्या पैशांत पस्तीस ते पन्नास हजारांच्या घरात, कस्टम वेगळं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ प्रमाणे हलक्या वाहनाला वेगाचा दंड एक ते दोन हजार रुपये आहे. कर्नाटकात कारसाठी एक हजार. म्हणजे यंत्राचे पैसे फिटायला तुम्हाला चाळीसेक चलानं 'वाचवायला' हवीत. एवढी चलानं ज्याला लागतात, त्याला यंत्र नको, ड्रायव्हर हवा.

आणि गोष्ट हजार रुपयांवर थांबत नाही. दुसऱ्यांदा त्याच कलमात सापडलात, तर लायसन्स जप्त करायची तरतूद आहे. कर्नाटकात १ ऑगस्ट २०२४ पासून ताशी १३० च्या वर गेलात, तर थेट एफआयआर. तिथे विषय पावतीचा राहत नाही, कोर्टाचा होतो. आयटीतल्या मुलांनी हे नीट लक्षात घ्यावं. पासपोर्ट आणि व्हिसाच्या फॉर्मवर गुन्ह्याचा रकाना असतो.

कायद्याचं काय?

आपल्या मोटार वाहन कायद्यात डिटेक्टरचं नाव घेऊन मनाई केलेली नाही. पण तेवढ्यावर उडी मारू नका. परदेशातून रेडिओ उपकरण आणताना सरकारी मंजुरीचा प्रश्न येतो आणि विमानतळावर तुमच्या भावाला उत्तरं द्यावी लागतात. लहरी अडवणारा जॅमर तर खासगी माणसाला चालतच नाही, त्याचा विचारही नको. अमेरिकेतही सगळीकडे मोकळीक नाही. न्यू जर्सीत खासगी गाडीत डिटेक्टर चालतो, पण तोच लावून व्हर्जिनियात किंवा वॉशिंग्टन डीसीत शिरलात, तर तो लावल्याबद्दलच दंड होतो. तिकडच्या आपल्या मंडळींनी एवढं ध्यानात ठेवावं.

मग करायचं काय?

एक, फोनवरचा नकाशा वापरा. गुगल मॅप्स आणि मॅपल्स दोन्ही फुकट आहेत. वेगमर्यादा दाखवतात, कॅमेऱ्याची सूचनाही देतात. यात लपवाछपवी काहीच नाही. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांत, म्हणजे नियम १६७-अ मध्ये, कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक फलक लावावेत असंच सांगितलंय.

दोन, गाडीत क्रूझ कंट्रोल किंवा वेगाची घंटी असेल तर ती लावा. म्हैसूर रस्त्यावर मर्यादा १०० आहे. तिथे काटा ९५ वर लावून निवांत गाणी ऐका.

तीन, चलान चुकीचं वाटलं तर भांडा, पण कागदावर. त्याच नियमानुसार नोटीस पंधरा दिवसांत यायला हवी, सोबत फोटो, यंत्राचं मोजमाप, तारीख, वेळ आणि ठिकाण हवं. यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण लागतं. नंबर दुसऱ्याच गाडीचा असेल, तर फोटो उघडून पाहा आणि तक्रार करा. हा तुमचा हक्क आहे. यासाठी चाळीस हजार लागत नाहीत.

बारा मिनिटांची किंमत

शेवटी मुद्द्याचं बोलू. बेंगळुरू ते म्हैसूर ११८ किलोमीटर. शंभरने गेलात तर ७१ मिनिटं, एकशेवीसने गेलात तर ५९. वाचली बारा मिनिटं. तीही कागदावर, कारण पुढे म्हैसूरच्या सिग्नलला ती जातातच.

त्या बदल्यात काय देता ते बघा. समोर अचानक काही आलं, की एक सेकंद आपण नुसते बघतो, मग ब्रेक दाबतो. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकने, शंभरची गाडी साधारण ८३ मीटरवर थांबते. एकशेवीसची गाडी थांबायला ११३ मीटर घेते. आता तीस मीटर जास्त, एवढंच समजू नका. जिथे शंभरची गाडी पूर्ण थांबलेली असते, तिथे एकशेवीसच्या गाडीचा वेग अजून सत्तरच्या वर असतो. वेग वाढला वीस टक्के, पण आदळण्याची ताकद वाढली ४४ टक्के, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. आणि त्या जागी उभं असतं कोण? रस्ता ओलांडणारी बाई, बंद पडलेला उसाचा ट्रॅक्टर, नाहीतर पंक्चर काढणारा कोणी तरी.

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. सरकारी आकडेवारीत त्यातल्या ७१ टक्के मृत्यूंपुढे कारण लिहिलंय, अतिवेग. म्हैसूर रस्ता २०२३ च्या मार्चमध्ये सुरू झाला आणि पहिल्या महिन्यांतच तिथल्या अपघातांनी राज्य हादरलं. मग त्याच वर्षी ऑगस्टपासून दुचाकी आणि रिक्षांना मुख्य मार्गावर बंदी झाली, वेगावर पहारा बसला, आणि मृत्यू कमी झाले. पहारा काम करतो. आपण डिटेक्टर घेतो म्हणजे नेमका तोच पहारा चुकवायला पैसे मोजतो.

तेव्हा न्यू जर्सीच्या भावाला निरोप द्या: यंत्र नको, डॅशकॅम आण. अपघात झालाच तर चूक कोणाची हे दाखवायला त्याचा उपयोग होतो, खोट्या आरोपातून सोडवतो, आणि डिटेक्टरपेक्षा बराच स्वस्तही पडतो. डॅशकॅम कसा निवडायचा, काचेवर कुठे लावायचा आणि त्याचं चित्रण पुरावा म्हणून कसं जपायचं, ते पुढच्या भागात.

तोवर गावी जाताना अर्धा तास लवकर निघा. गावाकडची माणसं जेवायला थांबतात, त्यांना थोडं थांबू द्या. भेटू.