मोठ्या धरणांच्या सांडव्यासाठी संकल्पित पुराची निवड : जायकवाडीच्या संदर्भात

माथ्यावरून पाणी वाहू लागल्यास मातीचे धरण टिकत नाही. म्हणून सांडव्याने सुरक्षितपणे वाहून न्यावयाचा कमाल पूर, म्हणजेच संकल्पित पूर, आधी ठरवावा लागतो. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ ही संज्ञा येथे दिशाभूल करणारी आहे. अशा पुराची शक्यता दरवर्षी १ टक्का असली, तरी शंभर वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के भरते. १९८५ च्या भारतीय मानकाने (क्र. ११२२३) हा निकष लहान धरणांपुरताच ठेवला. एकूण साठा ६० दशलक्ष घनमीटरांहून अधिक असल्यास संभाव्य महत्तम पूर, म्हणजे खोऱ्यातील सर्वाधिक प्रतिकूल परिस्थितीतून उद्भवू शकणारा पूर, गृहीत धरावा लागतो.

पैठणच्या जायकवाडी धरणाचा साठा सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर आहे. मात्र ते १९७६ मध्ये, या मानकाच्या नऊ वर्षे आधी, पूर्ण झाले. अशा जुन्या धरणांच्या संकल्पित पुराचा फेरआढावा २०२१ च्या धरण सुरक्षा अधिनियमाने सक्तीचा केला, हे योग्यच झाले. तथापि, हा पूर धरणाच्या सुरक्षिततेसाठी निवडलेला असतो, नदीकाठच्या वस्तीसाठी नव्हे. ऑगस्ट २००६ मध्ये धरण सुरक्षित राहिले. विसर्गाचे पाणी मात्र पैठण शहरात शिरले. दरवाजे केव्हा व किती उघडावेत, याचे गणित स्वतंत्रपणेच मांडावे लागते.