नस काढलेली दाढ पुन्हा दुखते तेव्हा...

गुरुवारची दुपार. समोर क्लायंट, भिंतीवर प्रेझेंटेशन, आणि माझी जीभ सारखी डावीकडच्या वरच्या दाढेकडे. चार वर्षांपूर्वी जिचं रूट कॅनॉल झालं होतं, तीच. चावलं की कळ, हिरडीवर बारीकशी पुळी. ‘अरे, पण हिची नस तर काढली होती ना! मग दुखतंय काय?’

नस काढलेल्या दाताला थंड-गरम कळत नाही, हे खरं. पण मुळाभोवतीचं हाड आणि तंतू जिवंतच असतात. मुळाच्या आत जंतू शिल्लक राहिले किंवा नव्याने शिरले, की टोकातून बाहेर पडून तिथे सूज आणतात. कधी काही महिन्यांत, कधी कित्येक वर्षांनी. काही जणांना तर दुखतही नाही. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळा डाग दिसतो, तेवढंच.

कॅनॉल म्हटलं की आम्हा पुणेकरांना मुठेचा कालवा आठवतो. दाढेतले कॅनॉल इतके सरळमार्गी नसतात. वाकडे, चपटे, मध्येच फाटे फुटलेले, वयाबरोबर अरुंद होत जाणारे. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, म्हणून कॅनॉलही तीनच असं वाटतं. पण गालाकडच्या पुढच्या मुळात बहुतेकदा चौथा लपलेला असतो. डेंटिस्ट मंडळी त्याला ‘एमबी टू’ म्हणतात. साध्या डोळ्यांना तो सहज चकवतो. माझ्या दाढेत तोच सुटला होता, हे थ्री-डी स्कॅनमध्ये दिसलं.

दोष सगळा डॉक्टरांच्या माथी मारावा, तर माझंही एक पाप होतंच. रूट कॅनॉलनंतर कॅप बसवायला मी तब्बल आठ महिने लावले. दुखायचं थांबलं ना, मग कॅपचं बघू अप्रेझलनंतर! तात्पुरतं फिलिंग थोड्याच दिवसांसाठी असतं. ते झिजतं, कडेने लाळ झिरपते आणि लाळेबरोबर जंतू आत. शिवाय पोखरलेली दाढ कॅपशिवाय चावताना तडकूही शकते.

यावर आपला लाडका उपाय म्हणजे अँटिबायोटिकचा कोर्स आणि पेनकिलर. दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. कारण सोपं आहे. गोळी रक्तातून पोचते आणि या दाताच्या आत रक्तपुरवठाच उरलेला नसतो. जंतू काढायचे तर आत शिरूनच.

म्हणजे रिट्रीटमेंट. हे काम पहिल्यापेक्षा किचकट. आधी कॅप आणि फिलिंग काढायचं, मग कॅनॉलमधला जुना गटापर्चा खरवडायचा. हा गटापर्चा मोठा गमतीदार पदार्थ. मलायातल्या झाडाचा चीक. 1850मध्ये इंग्लिश खाडीखालून टाकलेल्या टेलिग्राफच्या तारेवर याचंच वेष्टण होतं! कुणाच्या दातात जुना पोस्ट असतो, कुणाच्या मुळात फाइलचा तुटलेला तुकडा. ते काढायला मायक्रोस्कोप लागतो. दाताभोवती रबर डॅम ताणून, हायपोक्लोराइटने कॅनॉल पुन्हा पुन्हा धुतात. हे रसायन म्हणजे घरच्या ब्लीचचंच भावंडं. मग आत औषध भरून काही दिवस थांबायचं आणि पुन्हा सीलबंद. माझ्या दोन सिटिंग झाल्या, प्रत्येकी दीड तास. दुखलं का? भूल दिली होती, त्यामुळे दाढ नाही दुखली. जबडा मात्र आखडला.

‘त्यापेक्षा काढूनच टाक ना, इम्प्लांट बसव,’ ऑफिसमधल्या निम्म्या लोकांचा सल्ला. मूळ उभं चिरलेलं असेल, तर खरंच दात काढण्यावाचून इलाज नसतो. कधी वरून शिरणं अशक्य असतं. तिथे हिरडी उघडून मुळाचं टोक कापतात आणि मागून सील करतात. पण दाढ मजबूत असेल तर आधी ती वाचवून बघावी, असं माझं मत. यशाची शक्यता पहिल्या वेळेपेक्षा थोडी कमी असते, हे माझ्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं. त्या एंडोडॉन्टिस्ट, म्हणजे बीडीएसनंतर याच विषयात तीन वर्षांचं एमडीएस केलेल्या. अवघड दाढेसाठी अशाच कुणाकडे जा. आणि खुर्चीत बसण्याआधी एकच विचारा, ‘पहिलं रूट कॅनॉल फसलं कशामुळे?’ नीट उत्तर मिळालं नाही, तर सरळ दुसरा डॉक्टर गाठा.

पुळी आता बसली आहे. हाड भरतंय की नाही, हे सहा महिन्यांनंतरच्या एक्स-रेमध्ये कळेल. कॅपची अपॉइंटमेंट मात्र मी याच शनिवारची घेतलीय.