पाणी कधी तापवायचे?

एलईडी दिवा 9 वॅटचा, छताचा पंखा साधारण 75 वॅटचा आणि न्हाणीघरातला गिझर 2000 वॅटचा. हे आकडे शेजारी ठेवले की विजेची बचत कुठून सुरू करावी ते वेगळे सांगावे लागत नाही. तरीही बहुतेक घरांत गिझर आजही कुणाच्या तरी आठवणीवरच चालतो. पहिला उठणारा बटण दाबतो, शेवटचा आंघोळ करणारा ते बंद करायचे विसरतो, आणि ऑफिसात पोचल्यावर घरी फोन जातो. हे काम एआय एजंटवर सोपवता येते का, हा प्रश्न आता हौशी तंत्रज्ञांपुरता राहिलेला नाही. उत्तर 'येते' असेच आहे. पण त्यातून काय मिळते आणि त्याच्या हाती काय देऊ नये, हे आधी समजून घ्यायला हवे.

सुरुवात भौतिकशास्त्रापासून करावी लागते. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे 4.2 किलोज्यूल ऊर्जा लागते. त्यात कोणतेही सॉफ्टवेअर सूट मिळवून देऊ शकत नाही. 25 लिटरची टाकी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला जवळपास 1.16 युनिट वीज आणि 2000 वॅटच्या कॉइलला 35 मिनिटे लागतात. त्या 25 लिटर कढत पाण्यात तेवढेच 20 अंशांचे गार पाणी विसणले की 40 अंशांचे 50 लिटर पाणी होते, म्हणजे अडीच-तीन बादल्या. एवढी वीज लागणारच. वाया जाते ती तापवून ठेवलेल्या पाण्यातून निसटणारी उष्णता.

'गिझर दिवसभर चालूच ठेवला तर उलट वीज कमी लागते', असे अनेक घरांत ठामपणे सांगितले जाते. ते खरे नाही. टाकीतले पाणी आणि बाहेरची हवा यांच्यात जितका फरक जास्त, तितकी उष्णता वेगाने बाहेर जाते. पाणी दिवसभर 60 अंशांवर धरून ठेवले की ही गळतीही दिवसभर वरच्या पट्टीत चालू राहते. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या स्टार लेबलवर हीच गळती नोंदलेली असते: 45 अंशांचा फरक धरला तर 24 तासांत किती युनिट वाया जातात. ही गळती दिवसाला अर्धा युनिट धरली तरी महिन्याला 15 युनिट होतात. गिझर वापरापुरताच चालवला तर त्यातला बराच भाग वाचतो, आणि त्यासाठी साधा टायमर पुरतो. ठरलेल्या वेळी उठणारे, ठरलेल्या वेळी आंघोळ करणारे घर असेल तर एजंटच्या वाटेला जाऊ नये, टायमर घ्यावा. तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरलाही याचा उपयोग नाही, त्यात साठवण अशी नसतेच.

एजंट लागतो तो ठरलेले मोडते तेव्हा. पहाटेच्या वेळी वीज गेली की टायमरची वेळ निघून जाते आणि वीज आल्यावर त्याला काही आठवत नाही. एजंट पुन्हा हिशेब मांडू शकतो: वीज 6 वाजून 10 मिनिटांनी आली, पहिली आंघोळ 7 ला आहे, लगेच सुरू करावे. डिसेंबरात निफाडच्या थंडीत टाकीत येणारे पाणी आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी यांत 20 अंशांचाही फरक पडू शकतो. 15 वरून 55 अंशांपर्यंत 35 मिनिटे लागतात, 35 वरून 55 पर्यंत निम्मी. घरात दोन गिझर आणि पाण्याची मोटर असेल तर तिन्ही एकदम चालू होऊन एमसीबी पडू नये, म्हणून त्यांना रांगेत लावणे हेही त्याला जमते. नरक चतुर्दशीला सूर्योदयापूर्वी घरातल्या सहा जणांच्या आंघोळी आटोपायच्या असतात. त्या दिवसासाठी आदल्या रात्री मराठीत एक वाक्य सांगितले की पुरते: 'उद्या पाहुणे आहेत, चारपासून पाणी लागेल.'

हे चालते कसे? भाषा समजणारे मॉडेल स्वतः विजेला हात लावत नाही. त्याला मोजकी साधने दिलेली असतात: टाकीचे तापमान वाच, विजेचा भार वाच, हवामानाचा अंदाज विचार, कॅलेंडर पाहा, गिझर अमुक मिनिटे चालू करण्याची विनंती कर. मॉडेल परिस्थिती वाचते, एक पाऊल सुचवते, निकाल पाहते आणि पुढचे पाऊल ठरवते. 2013 साली सुरू झालेले होम असिस्टंट हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर एका छोट्या संगणकावर बसवून घरातली उपकरणे त्याला जोडता येतात. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केला, तेव्हापासून मॉडेल आणि अशी साधने यांना जोडण्याची एक सामाईक पद्धत मिळाली. गिझरच्या बाजूला लागतो तो वीज मोजणारा स्मार्ट स्विच. त्यात एक सुंदर सोय दडलेली आहे. थर्मोस्टॅटने कॉइल तोडली की भार 2000 वॅटवरून शून्यावर येतो. म्हणजे पाणी तापले हे कळायला टाकीला भोक पाडून सेन्सर घालावा लागत नाही, विजेची रेघच ते सांगते.

एजंट लावायचाच असेल तर मी आधी सोलर हीटर पाहीन. पुण्या-नाशिकच्या कितीतरी गच्च्यांवर सोलरच्या टाक्या आहेत आणि त्यांतल्या अनेकांत ढगाळ दिवसांसाठी विजेची कॉइल असते. ही कॉइल थर्मोस्टॅटवर सोडून दिली की ती रात्री पाणी वापरले गेल्यावर, म्हणजे सूर्य उगवायच्या आधी, टाकी तापवायला घेते. नंतर ऊन चांगले पडले तरी त्याला तापवायला काही उरत नाही. 200 लिटरची टाकी 30 वरून 55 अंशांवर न्यायची म्हणजे 5.8 युनिट. उद्या ऊन आहे का, सकाळी किती जणांना पाणी लागेल, टाकीत आत्ता किती अंश आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे जोडून 'आज कॉइल लावू नये' किंवा 'फक्त अर्धा तास लावावी' असे ठरवणे हे एजंटचे खरे काम. जुलैतल्या भरल्या आभाळात आणि ऑक्टोबरच्या उन्हात उत्तर वेगळे येते, आणि टायमरला ते कधीच कळणार नाही.

विजेची वेळ हाही आता पैशाचा विषय झाला आहे. केंद्र सरकारने 2023 साली ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून दिवसाच्या वेळेनुसार दर (टाइम ऑफ डे, म्हणजे टीओडी) आणले. उन्हाच्या आठ तासांत दर किमान 20 टक्के कमी असावा, असे त्यात म्हटले आहे. महावितरणनेही 2025 मध्ये स्मार्ट टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर सवलत जाहीर केली. संध्याकाळच्या आंघोळीचे पाणी साडेचारला तापवून ठेवणे आता हिशेबात बसते. कल्पना जुनीच आहे. न्यूझीलंडमध्ये वीज कंपन्या कित्येक दशके तारांतूनच संकेत पाठवून घरोघरच्या पाण्याच्या टाक्या बंद-चालू करत आल्या आहेत, फ्रान्समध्येही टाक्या रात्रीच्या स्वस्त विजेवर तापतात. आपल्याकडे 10 लाख घरांतले 2000 वॅटचे गिझर सकाळी एकाच वेळी लागले तर मागणी होते 2000 मेगावॅट. कोयना प्रकल्पाची सगळी क्षमता 1960 मेगावॅट आहे. ही मागणी अर्ध्या-पाऊण तासाने विखुरता आली तर त्याचा फायदा एका घराच्या बिलापेक्षा फार मोठा आहे.

आता मर्यादा. भाषा मॉडेल चुकते, आणि आत्मविश्वासाने चुकते. रात्री साडेबाराला सांगितलेली 'उद्याची पहाट' ते पुढच्या तारखेला टाकू शकते. म्हणून मॉडेल आणि स्विच यांच्यामध्ये एक साधा, न बदलणारा प्रोग्राम हवा: एका वेळी तासाभराहून जास्त चालू नाही, रोज अमुक मिनिटांपलीकडे नाही, घर रिकामे असताना नाही. वाय-फाय मेले तरी स्विचने आपल्या घड्याळावर बंद झालेच पाहिजे. थर्मोस्टॅट, थर्मल कट-आउट आणि प्रेशर व्हॉल्व्ह यांना कोणीही, माणसाने किंवा मॉडेलने, हात लावू नये. बचतीसाठी तापमान 40 अंशांवर आणण्याचा मोहही टाळावा. लेजिओनेला हा फुफ्फुसांना संसर्ग करणारा जिवाणू 20 ते 45 अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो आणि 60 अंशांना मरतो. पण 60 अंशांचे पाणी पाचेक सेकंदांत त्वचा गंभीर भाजू शकते, त्यामुळे लहान मुले आणि वृद्ध असलेल्या घरात नळावर गार पाणी मिसळण्याची सोय हवीच. गॅस गिझर मात्र दुरून चालवण्याचा विचारही करू नका. बंद न्हाणीघरात साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने जीव गेलेले आहेत.

घरातली माणसे केव्हा उठतात, केव्हा गावाला जातात, हे गिझरच्या नोंदींतून कुणालाही वाचता येते. शक्य असेल तर नोंदी घरातल्या संगणकावरच ठेवाव्यात, आणि न्हाणीघराबाहेरचे हाताने दाबायचे बटण काढू नये.

यातले काही करायचे मनात असेल तर सॉफ्टवेअर नंतर बघा. 2000 वॅटचा गिझर जवळपास 9 अँपिअर ओढतो, 3000 वॅटचा 13. आधी परवानाधारक वायरमन बोलवा आणि पॉइंट 16 अँपिअरचा आहे का, अर्थिंग लागते का, विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आहे का, हे तपासून घ्या.