परदेशातली पेन्शन आणि परतीचं वर्ष
(बिडकीन येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

विषय जरा रुक्ष आहे, पण तो आता बिडकीनच्याही दारात आला आहे. पैठण रस्त्यावरच्या आपल्या गावाभोवती ऑरिकची सुमारे ८ हजार एकरांची औद्योगिक नगरी उभी राहते आहे. इकडेच काम मिळत असेल तर परत यावं का, असं परदेशात गेलेल्या मुलांना वाटणं साहजिक आहे. एकदा ठरलं की तिकीट, घर, नातवंडांची शाळा, सगळ्याचं नियोजन होतं. तिकडे साठलेल्या पेन्शनचं मात्र 'नंतर बघू' असं होतं. नुकसान होतं ते तिथेच.

आज आम्हाला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. ही पेन्शन कुठे कमावली, एवढंच आयकर खातं बघत नाही. ती हातात आली तेव्हा तुम्ही कोणत्या देशाचे रहिवासी होतात आणि ती पहिल्यांदा कोणत्या देशातल्या खात्यात जमा झाली, यावर बरंच ठरतं. म्हणून परतण्याची तारीख आणि पेन्शन काढण्याची किंवा हलवण्याची तारीख एकत्र बसून ठरवायला हवी.

आधी दिवस मोजा

आपलं करवर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. त्यात भारतात १८२ दिवस किंवा जास्त मुक्काम झाला की माणूस निवासी. दुसरी कसोटी अशी की त्या वर्षी किमान ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून किमान ३६५ दिवस भारतात काढले असतील, तरीही निवासी. सुट्टीवर भेटीला येणाऱ्यांना ६० दिवसांच्या या अटीत सवलत आहे, पण कायमचं परतणाऱ्याने ती गृहीत धरू नये.

समजा, चौदा वर्षं बर्मिंगहॅमला असलेला इंजिनिअर ५ ऑक्टोबर २०२६ ला कायमचा परत आला. तिथून ३१ मार्चपर्यंत १७८ दिवस होतात. त्याला वाटतं, सुटलो, या वर्षी आपण अनिवासीच. पण मे महिन्यात बहिणीच्या लग्नाला तो दहा दिवस येऊन गेलेला असतो. झाले १८८ दिवस! आपण मुहूर्तासाठी पंचांग बघतो ना, तसा परतीसाठी पासपोर्टवरच्या शिक्क्यांचा हिशेब बघा.

मधली दोन-तीन वर्षं

निवासी झालात म्हणून लगेच जगभरच्या उत्पन्नावर इथे कर लागतो असं नाही. मध्ये एक पायरी आहे. तिला सीए मंडळी 'आरएनओआर' म्हणतात, म्हणजे निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेला. मागच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असाल, किंवा मागच्या सात वर्षांत भारतातला मुक्काम ७२९ दिवसांपर्यंतच असेल, तर हा दर्जा मिळतो. बराच काळ बाहेर राहून आलेल्या नोकरदाराला तो साधारण दोन ते तीन वर्षं मिळतो.

या काळात परदेशात उगम पावलेल्या आणि परदेशातच हाती आलेल्या पेन्शनवर भारतात कर नाही. 'परदेशातच हाती आलेल्या' हे शब्द नीट लक्षात ठेवा. पेन्शन थेट इथल्या बँकेच्या शाखेत जमा होऊ लागली, तर ते भारतात मिळालेलं उत्पन्न ठरतं आणि त्यावर या काळातही कर लागतो. तेच पैसे आधी तिकडच्या खात्यात आले आणि मग इकडे पाठवले, तर ती फक्त रक्कम हलवणं झालं. तिकडचं खातं घाईने बंद करू नका म्हणतात ते यासाठी. परदेशात असताना मिळवलेली मालमत्ता परतल्यावरही ठेवायला फेमा कायद्याची परवानगी आहे. तिकडचा कर मात्र तिकडच्या कायद्याने वेगळा बघावा लागतो.

ब्रिटन: हलवावी की ठेवावी?

ब्रिटनमधली पेन्शन देशाबाहेर नेता येते, पण ती तिथल्या कर खात्याच्या यादीत असलेल्या परदेशी योजनेतच. अशा योजनेला 'क्यूरॉप्स' म्हणतात. ही सोय २००६ पासून आहे. यादीत नसलेल्या योजनेत पैसे नेले, तर ते अनधिकृत ठरतात आणि ४० टक्के कर व त्यावर १५ टक्के अधिभार, असे ५५ टक्के जाऊ शकतात. म्हणून इथल्या विमा एजंटाने 'आमची योजना चालते' म्हटलं तरी त्या दिवसाची यादी स्वतः बघा. ती दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला नव्याने निघते.

९ मार्च २०१७ पासून आणखी एक आकारणी आली, २५ टक्क्यांची. ती टाळण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे तुम्ही ज्या देशात राहता, त्याच देशात ती योजना असणं. आता खाचखळगा बघा. एक जण ब्रिटनहून ऑस्ट्रेलियाला गेला आणि पेन्शनही तिकडच्या योजनेत नेली. तेव्हा कर लागला नाही. तीन वर्षांनी आईवडिलांसाठी तो संभाजीनगरला परतला. हस्तांतरानंतर पूर्ण पाच ब्रिटिश करवर्षं उलटायच्या आत देश बदलला, तर तो २५ टक्के कर मागाहून लागू शकतो. परतीचा विचार मनात असेल, तर मधल्याच एखाद्या देशात पेन्शन हलवू नये.

मग तिथेच ठेवली तर? भारत-ब्रिटन करारानुसार भारतीय रहिवाशाच्या खासगी पेन्शनवर फक्त भारतात कर लागतो. सरकारी नोकरीच्या पेन्शनचा नियम वेगळा आहे. पण तिकडची कपात आपोआप थांबत नाही. भारतातल्या निवासाचा दाखला जोडून तिथल्या खात्याकडे अर्ज करावा लागतो. आणि ब्रिटनमध्ये २५ टक्के रक्कम करमुक्त मिळते म्हणून तीच सवलत इथेही मिळेल, असं धरून चालू नका.

तिथल्या सरकारी वृद्धापकाळ पेन्शनची गोष्ट निराळी. भारतात राहणाऱ्यांना ती मिळते, पण दरवर्षीची वाढ मिळत नाही. रक्कम जिथे असेल तिथे गोठते. वीस वर्षांच्या महागाईत याचा अर्थ काय, ते तुम्हीच बघा.

अमेरिका, ऑस्ट्रेलिया, आखात

अमेरिकेतलं ४०१(के) खातं आपल्या पीएफ किंवा एनपीएसमध्ये वळवता येत नाही. साडेएकोणसाठ वर्षांआधी पैसे काढले, तर काही अपवाद सोडता नेहमीच्या करावर १० टक्के दंड आहे. ठेवलं तर अडचण अशी होती की भारत दरवर्षी वाढीवर कर मागणार आणि अमेरिका पैसे काढताना. दोन्हींचा मेळ बसत नसे. त्यासाठी २०२१ मध्ये कलम ८९-अ आलं. ते अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा या तीन देशांतल्या निवृत्ती खात्यांना लागू केलं गेलं. ठरलेला फॉर्म मुदतीत भरला की इथला करही पैसे काढताना लागतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुन्या क्रमांकावर विसंबू नका.

ऑस्ट्रेलियात तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला देश सोडल्यावर 'सुपर'ची रक्कम काढता येते, पण नेहमीच्या प्रकारात ३५ टक्के कर कापून. तिथलं नागरिकत्व किंवा कायम निवास घेतलेल्याला ही वाट नाही. त्याला साधारणपणे साठीपर्यंत थांबावं लागतं.

आखातात परदेशी कामगारांना बहुधा पेन्शन नसते, सेवासमाप्तीची रक्कम असते. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि पुढे ३० दिवसांचा मूळ पगार. ती तिकडच्या खात्यात घेऊन मगच निघावं. आणि परत आल्यावर एनआरई खात्याची माहिती बँकेला द्या, कारण कायमचे परतलात की त्या व्याजाची करमाफी संपते.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: मुलगा चाळीशीचा आहे. एक सल्लागार म्हणतो, ब्रिटनमधली पेन्शन आत्ताच मोडून देतो.

उत्तर: आजारपणासारखे अपवाद सोडले तर ५५ वर्षांआधी ती काढता येत नाही. ६ एप्रिल २०२८ पासून ही मर्यादा ५७ होईल. आधी काढून देणारा माणूस सल्लागाराची फी घेऊन जातो आणि ५५ टक्क्यांची नोटीस मुलाच्या नावावर येते. अशा माणसाला घरात घेऊ नका.

प्रश्न: तिकडचं खातं इथे सांगितलं नाही तर?

उत्तर: आरएनओआर काळ संपला की विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावाच लागतो, पेन्शन खात्यासह. उत्पन्न शून्य असलं तरी. न भरल्यास १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्या दंडातून सूट आहे, पण तक्ता भरण्यातून नाही.

तेव्हा मंडळी, आज रात्री मुलामुलींशी व्हिडिओ कॉलवर बोलाल, तेव्हा चार गोष्टी विचारा. पासपोर्टनुसार भारतातले दिवस किती? पेन्शन कोणत्या देशात आणि कोणत्या प्रकारची? गेल्या पाच वर्षांत ती हलवली आहे का? आणि तिकडचं बँक खातं चालू ठेवणार ना? ही उत्तरं कागदावर घेऊन दोन्हीकडचे कायदे जाणणाऱ्या सीएकडे जा, आणि तिकीट काढायच्या आधी जा.